बेलझरीची उबदार जमीन

बेलझरीची जमीन तापायला लागली तेव्हा सर्वांत आधी ते मांजरांना कळलं, मग बेबीताईंच्या गुडघ्यांना, आणि सर्वांत शेवटी कंपनीच्या जनसंपर्क विभागाला. कंपनीत बातम्या याच क्रमाने फिरत असल्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

जनसंपर्क विभाग म्हणजे प्रफुल्ल उरकुडे, एकटाच. बेबीताई मोहितकर ही त्याची थोरली बहीण. मांजरं कुणाचीच नव्हती. ती एका थंडीत सगळी मिळून बेबीताईंच्या स्वयंपाकघरात आली आणि फरशीवर पोट टेकून आडवी झाली. उठायचं नावच घेईनात.

हे कसं झालं ते सांगायला हवं. बेलझरी हे चंद्रपूरच्या पलीकडचं कोळशाचं गाव. गावाखाली जुनी भुयारी खाण. भुयारी खाणीत सगळा कोळसा काढता येत नाही. आडवे-उभे बोगदे खणत जायचं आणि मधले चौकोनी खांब सोडत जायचं, नाहीतर छत डोक्यावर येतं. खाण बंद झाली तेव्हा निम्म्याहून जास्त कोळसा त्या खांबांच्या रूपात खालीच राहिला, आणि गाव त्यांच्यावर उभं राहिलं. दोघांचीही काही तक्रार नव्हती.

मग दिल्लीहून हुकूम आला की परदेशी कोळसा बंद, देशातलंच उत्पादन वाढवा. वाढवायचं कुठून? उघड्या खाणींतून काढण्यासारखं होतं ते काढून झालं होतं. उरलेला कोळसा जंगलाखाली होता, आणि जंगल कोर्टात होतं. तेव्हा भूऊर्जा कंपनीची नजर या खांबांवर गेली. कोळसा जाग्यावर होता, नुसता बसून होता असं नाही, पण हिशेबाच्या दृष्टीने बसूनच होता.

उपाय डॉ. ऋता वैशंपायन यांनी काढला. त्या पुण्याच्या, वयाने लहान, आणि खरं बोलायची सवय असलेल्या. कोळसा म्हणजे शेवटी झाडंच, कोट्यवधी वर्षं दाबून ठेवलेली. आणि झाड म्हटलं की त्याला खाणारं कुणीतरी असतंच. कोळशाच्या थरातल्या पाण्यात काही जीवाणू असतात. त्यांतले काही कोळशाचे मोठे रेणू फोडतात, दुसरे त्या तुकड्यांचा मिथेन वायू करतात. पण हे काम इतक्या संथपणे चालतं की त्यापुढे सरकारी खातंसुद्धा चपळ वाटावं. कारण एकच. कोळसा म्हणजे त्यांच्यासाठी नुसता कोरडा भात. तोंडी लावायला काही नाही. नायट्रोजन नाही, फॉस्फरस नाही. डॉ. वैशंपायन यांनी त्यांतले खादाड निवडले, वाढवले, आणि खाणीत सोडून वरून तोंडी लावणं दिलं, म्हणजे साखर कारखान्याची मळी आणि थोडं खत. जीवाणू पानावर बसले ते बसलेच. खाणारा तापतो, त्याप्रमाणे खालची खाण तापली आणि वरची फरशी कोमट झाली.

खांब खाल्ला गेल्यावर छताचं काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला होता आणि उत्तरही दिलं होतं. वीजकेंद्राची राख, त्यात थोडं सिमेंट, आणि हे पातळ कालवण दुसऱ्या पाइपातून खाली. ते घट्ट होऊन दगडासारखं बसतं. वायू वर, राख खाली. कागदावर इतकं सुंदर चित्र होतं की पारनाईक साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या महाव्यवस्थापकांनी, ते फ्रेम करून केबिनमध्ये लावलं.

प्रफुल्लचं काम गावाला समजावून सांगण्याचं. तो ताईकडे गेला तेव्हा ती चक्क मांडी घालून जमिनीवर बसली होती आणि पापड लाटत होती. वरून कूलर, खालून शेक.

"ताई! तू खाली बसलीस?"

"बसली ना बाप्पा. उठून दाखवू का?" आणि बेबीताई हात न टेकता उठल्या, पुन्हा बसल्या. "दहा डॉक्टर झाले. जे तेलानं नाई झालं ते तुह्या कंपनीनं केलं. मी तं रोज खालती हात जोडते."

प्रफुल्लने ऑफिसात जाऊन पत्रक लिहिलं. शीर्षक दिलं, 'उबदार जमीन, निरोगी सांधे'. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात माणसाला अजून उबेची गरज आहे का, असा प्रश्न पडण्याइतका तो सुज्ञ होता आणि तो न विचारण्याइतका अनुभवी. पत्रक गावात वाऱ्यासारखं पसरलं. बायकांनी ते देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं.

पुढे भिंतींना भेगा जायला लागल्या. पहिली भेग शेजारच्या झाडे मास्तरांच्या घरात दिसली. मास्तर निवृत्त, गणिताचे. ते भेगेचा फोटो घेऊन प्रफुल्लच्या टेबलापाशी आले.

"उरकुडे साहेब, परवा यात माझं नख जात होतं. आज पेन्सिल जाते."

"मास्तर, जमीन तापली की घर जरा पसरतं. रेल्वेच्या रुळांत फट ठेवतात की नाही? तसंच हे. घर ती फट स्वतः तयार करून घेतंय."

मास्तरांना रुळांचं उदाहरण पटलं. गणिताच्या माणसाला उदाहरण फार लवकर पटतं. पत्रकाच्या पुढच्या आवृत्तीत एक वाक्य वाढलं: 'भिंतींना श्वास घेऊ द्या.' मास्तर ते वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्याला पाठ म्हणून दाखवू लागले.

बेबीताईंनी मात्र मास्तरांची भेग पाहिली आणि मागच्या पडवीतून सालवृक्षाची एक जाड बल्ली, म्हणजे अख्खा वासाच, ओढत आणली. त्यांचे यजमान, वसंता मोहितकर, खाणीत टिंबर मिस्त्री होते. छताला लाकडी टेकू देण्याचं काम त्यांनी जन्मभर केलं आणि निवृत्तीला एक बल्ली आठवण म्हणून घरी आणली. ती बेबीताईंनी पोरांकडून स्वयंपाकघरातल्या आडव्या तुळईखाली ठोकून उभी केली. तिला खिळा मारून पिशव्या अडकवल्या. प्रफुल्ल पुढच्या वेळी आला तेव्हा त्याचं कपाळ तिच्यावरच आपटलं.

"हे काय मधातच?"

"असू दे. तुह्ये भाऊजी म्हनत, लोखंडाचा टेकू गुमान पडते. लाकूड पडायच्या पहिले बोलते."

"काय बोलतं?"

"बोलन तवा आयकजो."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येण्यासारखं होतं. अडचण यशामुळे आली. बेलझरीचा वायू इतका आला, आणि त्याच्या देखादेखी आणखी इतक्या खाणींत हाच प्रयोग झाला, की वीजकेंद्राने कोळसा जाळायचं सोडून वायू जाळायला घेतला. वायू स्वच्छ जळतो. त्याची राख पडत नाही. आणि राख पडली नाही तर खाणीत भरायचं काय? वायूने आपलीच राख बंद केली होती. ही बाजू फ्रेममधल्या चित्रात नव्हती.

राखेचा पाइप कोरडा पडला. डॉ. वैशंपायन यांनी त्याच दिवशी मळी आणि खत बंद करायला लावलं. जीवाणू उपाशी पडतील, काम थांबेल, खांब उरतील तेवढे उरतील. सगळे वाट पाहत बसले. जमीन थंड झाली नाही. उलट उत्पादन वाढलं.

तेव्हा प्रफुल्ल पहिल्यांदा घाबरला. त्याने पारनाईक साहेबांच्या मागे लागून, हातापाया पडून, बेलझरी रिकामं करण्याचा हुकूम निघेल अशी तजवीज केली. हुकुमावर सही तेवढी बाकी होती. मग तो ताईकडे गेला.

"ताई, चंद्रपूरला चल. माझ्या घरी वरची खोली रिकामी आहे."

"वरची? जिना चढू मी?"

"गुडघे बरे आहेत ना आता!"

"ते या फरशीनं बरे हायेत. तुह्या वरच्या मजल्याले कोन शेकन देईन?"

"ताई, खालचे खांब संपत आलेत. हे घर कधीही बसेल."

बेबीताईंनी देव्हाऱ्याशेजारचं पत्रक काढून त्याच्या हातात दिलं. "वाच. 'तज्ज्ञांच्या देखरेखीखाली पूर्णतः सुरक्षित.' कोनं लिवलं?"

"मी लिहिलं. पण ते तेव्हा खरं होतं."

"मंग आता दुसरं लिव. ते येईन तवा पाहू." मग त्याचा चेहरा पाहून त्या जरा नरमल्या. "आयक बाबू. मी काई येडी नाई. ही बल्ली बोलली का मी निंगते. एक शब्द नाई बोलनार. देवाची आन. पन तिनं बोललं पायजे, तू नाई."

त्याच आठवड्यात डॉ. वैशंपायन बेबीताईंकडे जेवायला आल्या. कोडं सुटत नव्हतं म्हणून त्या गावभर पाण्याचे नमुने घेत हिंडत होत्या, आणि बेलझरीत हिंडणाऱ्या माणसाला कुणी उपाशी जाऊ देत नाही. जेवता जेवता त्यांनी विचारलं, "ताई, खालच्या पाण्यात नायट्रोजन सापडतोय. भरपूर. आम्ही तर खत बंद केलंय. इथली गटारं कुठे जातात?"

शेजारी जेवत बसलेल्या प्रफुल्लने एकदम पाण्याचा तांब्या उचलला आणि त्यात पाहू लागला.

"खालती," बेबीताई म्हणाल्या.

"खाली म्हणजे सेप्टिक टँकमध्ये?"

"कायचा टॅंक? खालती म्हंजे खालती. खानीत."

मग ते निघालं. खाण बंद झाली तेव्हा कंपनीचं भोकं पाडायचं यंत्र गावात तसंच पडून होतं आणि यंत्र चालवणारे घरी बसून होते. वसंता मिस्त्रींच्या टोळीने प्रत्येक घराच्या संडासापासून थेट जुन्या बोगद्यापर्यंत एकेक भोक पाडून दिलं. टाकी नाही, उपसा नाही, वास नाही. सगळं जग शोषखड्डे उपसत होतं तेव्हा बेलझरी निश्चिंत होतं. पोरी द्यायला आलेले पाहुणे बिनवासाचे संडास पाहून खूश होऊन परत जात. सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि ते बाहेर बोलायचं नाही हेही ठाऊक होतं. प्रफुल्लच्या ताईकडच्या सगळ्या सुट्ट्या त्याच भोकाच्या भरवशावर गेल्या होत्या.

डॉ. वैशंपायन यांचा घास हातातच राहिला. "म्हणजे तोंडी लावणं गावच देतंय."

"रोज," बेबीताई म्हणाल्या. "वाढू का अजून भाजी?"

"या जीवाणूंना मारायचं काही औषध नाही का?" प्रफुल्लने विचारलं.

"आहे. पण ते खाणीत सोडायला कंपनीची परवानगी लागेल. आता ते राष्ट्रीय उत्पादन आहे." त्या ताटाकडे पाहत राहिल्या. "मी त्यांना जेवायला शिकवलं, उरकुडे. पुरे म्हणायला शिकवायचं राहून गेलं."

प्रफुल्लने आधी भोकं बुजवून पाहायचं ठरवलं. घरोघर गेला. एकाही घरात भोक निघालं नाही. प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. झाडे मास्तर तर म्हणाले, "साहेब, तुमच्या पत्रकात जमिनीला हात लावू नका असं लिहिलंय. पान पहिलं, शेवटचा परिच्छेद." तो परिच्छेद विहिरी खणणाऱ्यांसाठी होता. मास्तरांनी तो मनावर घेतला होता.

उरला एकच मार्ग. गाव हललं की खालचं जेवण आपोआप बंद. डॉ. वैशंपायन आणि प्रफुल्ल दोघे मिळून पारनाईक साहेबांकडे गेले. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हणजे मॅडम, मळीचे टँकर बंद करूनही उत्पादन वाढलं ते यामुळे?"

"हो. म्हणूनच गाव ताबडतोब..."

"थांबा. म्हणजे गाव आहे म्हणून उत्पादन आहे."

"तसं म्हणता येईल, पण..."

"मग उरकुडे, तुम्ही गाव हलवायला निघाला होतात?" साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो खाणीतली मोटर भंगारात विकताना सापडला आहे. समोरचा बिनसहीचा हुकूम त्यांनी उचलला, घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. टेबल डुगडुगायचं थांबलं. "दिल्लीला वाढीव आकडा कळवलाय मी. पावसाळ्यापर्यंत दीडपट. हा नायट्रोजन मुख्यतः कशातून येतो हो मॅडम?"

डॉ. वैशंपायन यांना खरं बोलायची सवय होती हे आधी सांगितलंच आहे. सवय माणसाच्या आधी बोलते. "प्रथिनांतून. डाळी वगैरे," त्या म्हणाल्या, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

पुढच्याच महिन्यात बेलझरीत घरटी तुरीची डाळ मोफत सुरू झाली.

"साहेब," प्रफुल्ल शेवटचं म्हणून म्हणाला, "माझी बहीण राहते तिथे."

"वा! मग तुमचा तर घरचाच सहभाग," साहेब मनापासून आनंदले. "पत्रकाला दुसरं पान जोडा. त्यांचं उदाहरण घाला."

प्रफुल्लने दुसरं पान लिहिलं. त्यात त्याने 'धोका' हा शब्द तीन ठिकाणी बसवला होता. छापून आलं तेव्हा तिन्ही ठिकाणी 'वैशिष्ट्य' होतं. डॉ. वैशंपायन यांना पुरस्कार जाहीर झाला आणि तो घ्यायला त्यांना दिल्लीत बोलावून तिथेच एका समितीवर ठेवून घेतलं. त्या रोज फोन करत. जमीन किती तापली ते विचारत, आकडा लिहून घेत, मग फोन ठेवत.

प्रफुल्ल आता रोज दुपारी जेवायला ताईकडे जाऊ लागला. कंपनीची जीप तो दारातच, तोंड चंद्रपूरकडे करून उभी ठेवायचा. जेवताना त्याचं लक्ष पानात नसायचं, बल्लीकडे असायचं.

"तिच्याकडं असा पायत नको बसू," बेबीताई म्हणायच्या. "लाजून बोलनार नाई ते."

फरशी आता मोरीच्या बाजूला चांगलीच उतरली होती. बेबीताईंना त्याचंही कौतुक. "पाय, पानी आपोआप जाते. पयले खराट्यानं लोटा लागे." त्यांच्या हातून लाटणं सुटलं की ते स्वतःहून मोरीपर्यंत जायचं, आणि मांजरं त्याच्यामागे पळायची. एक दिवस मांजरं दिसली नाहीत.

"मांजरं कुठे गेली ताई?"

"कोन जाने. सकाळपासून एकही नाई."

प्रफुल्लचा घास अडकला. ताईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली, पाणी दिलं, आणि कंपनीच्या डाळीचं वरण वाढायला त्या पळीकडे वळल्या. तेवढ्यात बल्ली बोलली.

फार मोठा आवाज नव्हता. जुन्या खाटेवर कुणी कूस बदलावी तसा. तिच्या खिळ्याला अडकवलेली पिशवी जराशी हलली.

बेबीताईंनी पळी पातेल्यात ठेवली, गॅस बंद केला आणि हात न टेकता उठल्या. "चाल," म्हणाल्या.

इतके महिने ज्या शब्दासाठी जिवाचं रान केलं तो असा सहज ऐकून प्रफुल्ल क्षणभर जागचा हललाच नाही. मग त्याने ताईचा हात धरला आणि दोघे अंगणात आले. जीप समोर होती. दार उघडं होतं. ताई जीपपाशी पोचल्या आणि थांबल्या.

"मास्तरांले सांग."

"ताई, बस आधी!"

"माह्या घरात बल्ली हाय. त्यायच्या घरात काय हाय? तुह्यं पत्रक. सांगितल्याबिगर मी पाय वर टाकत नाई."

प्रफुल्ल धावत कुंपणाशी गेला. मास्तर ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. आतून त्यांच्या सुनेच्या हसण्याचा आणि कुकरच्या शिट्टीचा आवाज येत होता.

"मास्तर, बाहेर या! सगळ्यांना बाहेर काढा! जमीन बसतेय!"

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि त्याच्याकडे मायेने पाहिलं. पोरगं परीक्षेत घाबरलं की पाहावं तसं. "साहेब, तुम्ही आधी बसा. घामाघूम झालात. सूनबाई, पाणी आण गं उरकुडे साहेबांना."

"पाणी नको! मास्तर, मी सांगतोय! कंपनीचा माणूस सांगतोय! खालचे खांब संपलेत!"

गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. कुणी जेवता जेवता उठून आलं होतं, खरकटा हात तसाच. सगळ्यांना साहेबांची काळजी वाटत होती. एकजण म्हणाला, "उन्ह लागलं असन." दुसरी म्हणाली, "कांदा हुंगवा."

"तसं काही नाही," मास्तर म्हणाले. "ताण असतो हो यांच्या नोकरीत. गावाची काळजी करतात ना सारखी." त्यांनी खिशातून घडी केलेलं पत्रक काढलं, मांडीवर सारखं केलं आणि वर्गात वाचतात तसं खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. "ऐका साहेब, तुमचंच आहे. 'काही वेळा जमिनीतून हलके आवाज येऊ शकतात. घाबरून जाऊ नये. हे प्रगतीचे आवाज आहेत.' काय लिहिलंय! दर वेळी वाचलं की धीर येतो."

"ते खोटं आहे मास्तर!"

"एवढं चांगलं लिहिलेलं खोटं कसं असेल?" मास्तर हसले. गल्लीही हसली.

प्रफुल्लने मागे वळून पाहिलं. ताई अजून जीपच्या दारापाशीच उभ्या होत्या, एक हात दारावर, नजर गल्लीवर. पाय वर टाकला नव्हता. घरातून बल्लीचा आवाज दुसऱ्यांदा आला. ताईंनी तो ऐकला. आणखी कुणी ऐकला नाही, कारण सगळे मास्तरांचं वाचन ऐकत होते.

"ताई, बस ना गं," प्रफुल्ल म्हणाला.

बल्ली तिसऱ्यांदा बोलली. या वेळी जरा मोठ्याने बोलली, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल इतक्या. पण तोवर मास्तरांनी बोटाला थुंकी लावून पान उलटलं होतं, आणि दुसऱ्या पानावर बेबीताईंचं नाव आल्यामुळे सगळे टाळ्या वाजवत होते.